चौदावं डोकं

ओस्टरडाल, आयोवा
१९ फेब्रुवारी

प्रिय मॅरिट,

तू चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली होतीस ते मी पाहिलं. शेवटचं भजन संपायच्या आत उठलीस तेही पाहिलं. खाली जेवायला थांबली नाहीस म्हणून बायकांची कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी सांगून टाकलं की तुला विमान गाठायचं होतं. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं हे तुला माहीत, मला माहीत. कर्टिसच्या आईलाही बहुतेक माहीत असावं, कारण तिने माझ्या ताटलीत आणखी एक हॅम सँडविच ठेवलं आणि विषय बदलला. तिच्या मुलाला सोडून गेलेल्या सुनेसाठी तिने एवढं तरी केलं.

जेवण त्याच तळघरात झालं, मॅरिट. दुसरीकडे कुठे होणार? जिथे बाबा गेले तिथेच, त्याच आठवड्यात, त्यांच्या नावाने बटाट्याचं कॅसरोल वाढलं. तळघर माणसांनी खच्चून भरलं होतं, बसायला जागा पुरत नव्हती, तरी पियानोजवळचा कोपरा रिकामा. पास्टरच्या बायकोने तिथे टेबलं मांडली होती. कोणी बसलं नाही. पोरं धावत तिकडे गेली की आया हाका मारून परत बोलवायच्या.

तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलंय, आणि त्यातले निम्मे तुकडे कर्टिसच्या बहिणीकडून. म्हणून मीच लिहिते.

तू गेल्यापासून पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या सभेची रीत बदलली. पूर्वी हात वर करून उरकायचं. आता ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, साऱ्या गावासमोर. मग डोकी मोजायची. ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. चौदा डोकी भरली तर त्या कोपऱ्याचा एक प्रतिनिधी जिल्ह्याच्या अधिवेशनाला जातो. तेरा भरली तर कोपरा मोडला, आणि ती खुर्ची समोरच्यांना. मोजणी चालू असताना कोणी जागा सोडायची नाही.

सिनेटरचा कोपरा पियानोजवळ होता, गव्हर्नरचा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. सभा चालवायला डोरिस आमदाल, चौथीत तुझ्या बाई होत्या त्याच. सिनेटरच्या कोपऱ्याचा म्होरक्या अर्थात तुझा सासरा मर्ल. तो आता तुझा सासरा नाही, कळतं मला, पण तोंडात तेच येतं. बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते खुर्चीवर बसले होते, बाकी सगळे उभे. आकडे म्हणत म्हणत पाळी मर्लवर आली. तो तेरा म्हणाला. मग वाकून बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चौदा, ऑर्लिन. झोपू द्या त्याला."

सगळे हसले. प्रवचनात बाबा कसे झोपायचे ते गावाला पाठ आहे. पास्टर स्वतः आवाज खाली आणायचे. ओस्टरडालमध्ये कोण एका म्हाताऱ्याला साऱ्या मंडळीसमोर हलवून जागं करणार आणि त्याला ओशाळं करणार? दुसऱ्या एखाद्या गावात कोणीतरी खांदा धरून हलवलं असतं. आमच्याकडे सभ्यपणा आडवा आला.

पुढे नेहमीप्रमाणे बाबांनाच प्रतिनिधी म्हणून निवडलं. त्यांच्या नावाने टाळ्या वाजल्या.

मी स्वयंपाकघराच्या बाजूला होते. सगळं आटपल्यावर त्यांचा कोट घेऊन गेले आणि म्हटलं, "चल ऑर्लिन, बर्फ पडायला लागलंय." पुढचं तुला माहीत आहे.

फोनवर तू विचारलंस, बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का. नाही बोलले.

तुझी,
आई


३ मार्च

मॅरिट,

तुझं पत्र नाही, तरी लिहिते. इथे नवंच सुरू झालंय आणि ते तुला माझ्याआधी दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

ग्लेन ब्रेकीने जिल्हा समितीकडे तक्रार घातली आहे. बियाणं विकतो तो ग्लेन, गव्हर्नरच्या कोपऱ्याचा म्होरक्या. तक्रार अशी की सिनेटरच्या कोपऱ्यात तेराच डोकी होती, चौदावं मेलेल्या माणसाचं होतं. डॉक्टर कॅफेत बसून कोणाला तरी म्हणाले म्हणे, की ते पोचले तेव्हा हात चांगलाच गार होता. झालं. आता अधिवेशनाआधी समिती बसणार आणि ठरवणार की तुझे बाबा मोजणीच्या वेळी जिवंत होते की नव्हते.

ग्लेन आला तो केळ्याचा ब्रेड घेऊन. बायकोने दिला म्हणाला. टोपी हातात धरून दारातच घुटमळत राहिला.

"व्हर्ना, मला हे करताना काही आनंद नाही."

"मग करू नकोस."

"एका खुर्चीचा प्रश्न आहे गं. राज्यभर एकेका खुर्चीसाठी मारामारी चाललीय. आणि तू तर आमचीच. तू आमच्याच कोपऱ्यात उभी होतीस."

ग्लेनच्या तोंडून निघालंच, तर आता तुझ्यापासून काय लपवायचं. हो, मी गव्हर्नरच्या कोपऱ्यात होते. स्वयंपाकघराच्या बाजूला होते असं लिहिलं ते खोटं नव्हतं, पण मी काही कप पुसायला तिथे नव्हते. तू जानेवारीत फोनवर म्हणाली होतीस ना, "आई, एकदा तरी तुला हवं तिथे उभी राहा." राहिले.

गव्हर्नर मला फार आवडतो असं नाही. दात फार दाखवतो. पण तो सिनेटर आपल्या स्वयंपाकघरात बसून रुबार्बचा केक दोनदा मागून खाऊन गेला होता, आठवतं? निघताना बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, "ऑर्लिन, असा केक मी कुठे खाल्ला नाही." ऑर्लिनला! ज्या माणसाला ओव्हन पेटवायचा कसा ते ठाऊक नव्हतं त्याला. आणि बाबांनी मान तुकवून आभार मानले. तेव्हापासून प्रत्येक सभेला आम्ही दोघं सिनेटरसाठी. मला कोणी विचारलंच नाही.

बाबांचं कारण वेगळंही होतं. तू कर्टिसला सोडून गेल्यापासून ते मर्लसमोर मान वर करत नव्हते. मर्लचं कुंपण मोडलं की आपणहून दुरुस्त करायचे. मर्लचा कोपरा तो त्यांचा कोपरा. तुझ्याशी बोलायचं नाही, हेसुद्धा मर्लसाठीच होतं असं मला कधी कधी वाटतं.

ग्लेन गेला आणि दुसऱ्या दिवशी मर्ल. न सांगता आपल्या अंगणातलं बर्फ ओढून काढलं, मग आत येऊन कॉफीपुढे बसला. बराच वेळ चमचाच फिरवत होता.

"मी वाकून बघितलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता की नाही, मला सांगता यायचं नाही, व्हर्ना. मला वाटलं झोपलाय. देवाशपथ."

"मला माहीत आहे, मर्ल."

"पण तू बघत होतीस. सगळे हसत होते, डोरिस फळ्यावर लिहीत होती. तू एकटी त्याच्याकडे बघत होतीस. मी पाहिलं तुला."

मी त्याचा कप उचलून बेसिनकडे नेला. तो अजून निम्मा भरलेला होता.

 मर्लने समितीला साक्षीदार म्हणून माझं नाव कळवलंय. ग्लेननेही. दोघांचीही साक्षीदार मीच. असं कधी ऐकलंस?

आई


१२ मार्च

मॅरिट,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तू लिहितेस, "सांगून टाक की मला माहीत नाही. तुला कोणी काही करू शकत नाही." आणि खाली, वेगळ्या शाईत, "मी तो फोन केला नसता तर तू त्यांच्याजवळ असतीस." हे दुसरं वाक्य पुन्हा लिहायचं नाही. पुढचं पत्र पाठवशील तेव्हा त्यात ते नसावं.

मला काय छळतंय ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी समितीला घाबरते. समिती म्हणजे लॉइड स्टीनस्लँड आणि चार माणसं. लॉइडने विताना अडलेल्या आपल्या गाई सोडवल्यात, मी त्याला काय घाबरणार!

माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आहे. मर्ल "चौदा" म्हणाला तेव्हा बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते, वरून दिसणार नाहीत एवढेच, आणि ते माझ्याकडे बघत होते.

आता हे डोळे जिवंत माणसाचे होते की नाही? नसतील, तर बाबा मी कोपरा बदलल्यानंतर, आकडे चालू असताना, भरल्या खोलीत एकटे गेले. बाजूला मर्ल धरून तेरा माणसं होती, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मी काही केलं नाही आणि काही चुकवलंही नाही. नुसती समोर उभी होते. पण असतील, तर त्यांना काहीतरी होत होतं, आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवून मला शोधलं, आणि मी गेले नाही. नियम होता. मोजणी चालू असताना जागा सोडायची नाही. डोरिसने दोनदा बजावलं होतं.

काल अंडी मोजत होते. तेरापर्यंत आले आणि पुढचा आकडा तोंडातून निघेना. घरात कोणीतरी तो म्हणेल अशी वाट बघत मी टोपली धरून उभी राहिले. हसू नकोस. किंवा हस, मला चालेल. भांडी घासताना समोरच्या खिडकीत माझं तोंड दिसतं आणि त्याच्या मागे खुर्ची. वळून बघते तर आपलीच स्वयंपाकघरातली खुर्ची, तिथे नेहमी असते ती. पण वळल्याशिवाय राहवत नाही.

बुधवारी ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या सूप-जेवणाची तयारी करायला तळघरात गेले. बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या. मी भिंतीलगतच्या घडीच्या खुर्च्यांमधली एक काढली. कुठली होती ती कोणाला कळणार, सगळ्या सारख्याच. पियानोजवळ मांडली आणि तिच्यावर बसले. तिथून काय दिसतं, मॅरिट? उजवीकडे पियानो आडवा येतो, डावीकडे खांब. समोर स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्यापुढे उभं असणारं माणूस. दुसरं काही दिसत नाही. म्हणजे माझ्याकडे बघायला त्यांना मला शोधायला नको होतं. मी होतेच समोर.

यावरून काही सिद्ध होत नाही. मेलेल्या माणसालाही तेच दिसलं असतं.

कर्टिसच्या आईने मला तिथे बसलेलं पाहिलं. ती आली, दुसरी खुर्ची उघडून बाजूला बसली, आणि आम्ही दोघी गाजरं सोलायला उठेपर्यंत तशाच बसलो. ती बाई वाईट नाही. हे तुला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, किंवा तिला सांगायला हवं होतं की तू वाईट नाहीस.

अधिवेशन शनिवारी आहे.

आई


२६ मार्च

प्रिय मॅरिट,

तू बातम्या बघतेस, म्हणजे तुला माहीत असेल. गुरुवारी सिनेटरने माघार घेतली. बायको शेजारी, डोळ्यांत पाणी, सगळ्यांचे आभार. मी टीव्हीसमोर उभी होते, हातात बटाटा. ज्या खुर्चीसाठी माझ्या नवऱ्याला मारायचं की जिवंत ठेवायचं ते ठरणार होतं, त्या खुर्चीवर बसून मत द्यायला आता उमेदवारच नव्हता.

तरी मी शनिवारी गेले. निळा ड्रेस घातला. अधिवेशन हायस्कूलच्या जिममध्ये होतं आणि समिती बँडच्या खोलीत, ड्रम आणि नोटस्टँडांच्या गर्दीत. लॉइड सर्वांत मोठ्या ड्रमसमोर बसला होता. ग्लेन आणि मर्ल शेजारी शेजारी. आता भांडायला काही राहिलं नव्हतं, तर दोघं हवामानावर बोलत होते.

लॉइड मला बघून उठला. "व्हर्ना, तुला उगीच यायला लागलं. ग्लेन तक्रार मागे घेतोय. मर्लची हरकत नाही. खुर्चीचा आता कोणाला उपयोग नाही, तेव्हा आम्ही हे इथेच सोडून देतो. तू जाऊन कॉफी घे. तिकडे खायला गोड बार्स पण आहेत."

"सोडून देता म्हणजे काय ठरवलं?"

"काहीच ठरवलं नाही. ठरवायची गरज नाही."

"तो जिवंत होता की मेला होता ते काय लिहिणार?"

लॉइडने ग्लेनकडे पाहिलं, ग्लेनने बुटांकडे. "काही लिहिणार नाही, व्हर्ना. विषय संपला."

मला एकदम संताप आला, मॅरिट. घराबाहेर मी कधी आवाज चढवला नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "इतके दिवस तुम्ही माझ्या दारात येऊन विचारताय. तुझा ब्रेड खाऊन झाला, ग्लेन. मर्ल, तू बर्फ काढलंस. मी महिनाभर त्याला मारतेय आणि जिवंत करतेय. आता तुमचा माणूस पळाला म्हणून माझ्या माणसाला अर्धवट सोडायचं? बसा. ठरवा."

कोणीतरी पायाने एक झांज पाडली. ती बराच वेळ वाजत राहिली. मग लॉइड खाली बसला आणि त्याने टोपी काढली.

"सांग, व्हर्ना. मर्लने चौदा म्हटलं तेव्हा ऑर्लिन जिवंत होता का?"

मी तुझ्या सल्ल्याप्रमाणे मला माहीत नाही म्हणू शकले असते. तुला मी तसंच लिहिलं होतं, डोळे उघडे होते, पण कळलं नाही. ते खोटं होतं. मला कळलं होतं. मी ते आधी तुझ्यापासून लपवलं, मग बोलता बोलता स्वतःपासूनही लपवायला लागले.

मी म्हटलं, "जिवंत होता. मर्ल चौदा म्हणाला, तुम्ही सगळे हसलात, आणि त्याने हात वर केला. खांद्यापर्यंत नाही, मांडीवरून एवढाच. बोटं हलवली. मला बोलावत होता."

"आणि मग?" लॉइडने हळूच विचारलं.

"मी मान हलवून नाही म्हटलं."

ग्लेन तोंड फिरवून नोटस्टँडकडे बघत राहिला. मर्लने चष्मा काढला.

लॉइड म्हणाला, "नियमच होता तसा, व्हर्ना. मोजणी चालू होती."

"नियमासाठी नाही."

त्याने आणखी काही विचारलं नाही. पाचही जणांनी हात वर केले आणि ठरलं, की मोजणीच्या वेळी ऑर्लिन त्वेट हजर आणि जिवंत होते, त्यांचं डोकं धरायचं, खुर्ची सिनेटरच्या कोपऱ्याची. दुपारी त्या खुर्चीवर मर्ल जाऊन बसला. कोणाला मत द्यायचं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने दिलंच नाही.

आता बाबा शेवटी तुझ्याबद्दल काही बोलले का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तेही मी खोटं दिलं. सभेला जाताना गाडीत मी बाबांना सांगितलं होतं की आज मी गव्हर्नरच्या कोपऱ्यात उभी राहणार. चिडतील असं वाटलं होतं. ते हसले. म्हणाले, "तू काही मॅरिट नाहीस, व्हर्ना. कॉफी व्हायच्या आत परत येशील."

सहा वर्षांत तुझं नाव त्यांनी तेवढ्यात एकदा घेतलं. आणि असं घेतलं, की जणू तू जे केलंस ते करायला काहीतरी लागतं आणि ते माझ्यात नाही. मला राग आला, आणि तुझा हेवाही वाटला. हात हलला तेव्हा मला वाटलं, हे म्हणताहेत, पुरे झालं नाटक, कॉफी झाली, ये परत. म्हणून मी मान हलवली. आता समजतं की ते तसं म्हणत नसतील. पण कदाचित तेच म्हणत असतील. दोन्ही घेऊन मला राहायचंय.

तुझ्या फोनमुळे झालं असं तू समजतेस. तुझा फोन मी तळघराचा जिना उतरतानाच विसरले होते. मी त्या कोपऱ्यात गेले आणि ग्लेनच्या बायकोने सरकून मला जागा दिली. ऑर्लिन कुठे आहे असं कोणी विचारलं नाही. आकडे आमच्या कोपऱ्यापासून सुरू झाले. माझी पाळी आली आणि मी माझा आकडा म्हटला, एवढ्या मोठ्याने की डोरिसने फळ्यावरून मान वळवून पाहिलं. अंगात ऊब आली होती. खोलीपलीकडे माझा नवरा बसला होता, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्याकडे एका बाजूने नाही, समोरून बघत होते, आणि मला वाटलं, अरे, हे असं असतं होय.

हे मी समितीला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. तुला सांगते, म्हणजे तुला खरं माहीत असणारं एक तरी माणूस असेल. त्यांचा हात हलला तेव्हा मी घाबरलेली नव्हते, मॅरिट, आणि रागावलेलीही फारशी नव्हते. मी सुखात होते.

आई